मळ्यातलं लग्न, हातची पत्रिका आणि पाच लाखांचं कर्ज

प्रश्न: मी 28 वर्षांची, नाशिकमध्ये चित्रकला शिक्षिका आहे. होणारे यजमानही नाशिकलाच नोकरीला आहेत. दोघांचा मिळून हातात येणारा पगार 1 लाख 5 हजार. लग्न फेब्रुवारीत, म्हणजे आठ महिन्यांनी आहे. वडिलांनी 400 माणसांसाठी एका कार्यालयाचं पॅकेज पाहिलंय: भाडं 1 लाख 80 हजार, नाश्ता-जेवण 800 रुपये पान, सजावट 1 लाख 20 हजार, फोटो-व्हिडिओ 1 लाख 10 हजार, पत्रिका, रुखवत आणि पाहुण्यांच्या पिशव्या 60 हजार. एकूण 7 लाख 90 हजार. मला मात्र सिन्नरजवळ मामांच्या मळ्यात, सगळं हाताने करून लग्न करायचंय. माझ्या हिशोबाने ते तेवढ्याच माणसांसाठी 2 लाख 85 हजारांत होतं, खर्चाची पूर्ण यादी सोबत जोडली आहे. वाचलेले पाच लाख आम्हाला 45 लाखांच्या फ्लॅटसाठी हवेत. माझी बचत 3 लाख 80 हजार, त्यांची 3 लाख. वडील (वय 61) निवृत्तीच्या पैशातले 4 लाख द्यायला तयार आहेत. सासरचे म्हणतात, लग्न एकदाच होतं, पाच लाखांचं वैयक्तिक कर्ज काढा आणि कार्यालयातच करा. कपडे-दागिन्यांची सोय दोन्ही घरांनी वेगळी केली आहे. काय करावं?

उत्तर: आधी कर्जाचं बोलते, कारण त्यावर फार विचार करायची गरज नाही. पाच लाख, 14 टक्के व्याज, तीन वर्षं मुदत. हप्ता बसतो सुमारे 17 हजार 90 रुपये आणि व्याजापोटी जातात 1 लाख 15 हजार. तुमच्या 45 लाखांच्या फ्लॅटला बँक साधारण 80 टक्के, म्हणजे 36 लाख देईल. साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांसाठी त्याचा हप्ता 31 हजारांच्या वर जातो. दोन्ही हप्ते मिळून 48 हजार होतात, दोघांच्या पगाराच्या जवळजवळ निम्मे. शिवाय स्वतःचे 9 लाख आणि मुद्रांक शुल्क वेगळं उभं करायचं. संसाराची पहिली तीन वर्षं मांडवाचे हप्ते फेडण्यात घालवू नका. सासरच्यांना हे आकडे कागदावर मांडून दाखवा. ते प्रेमापोटी बोलताहेत, आकडे पाहिल्यावर समजून घेतील असं मला वाटतं.

आता मळ्यातल्या लग्नाकडे येऊ. तुमची यादी मी ओळ न् ओळ वाचली. बोहल्यामागे स्वतः रंगवलेला वारली चित्रांचा पडदा, हातकागदावर स्क्रीन प्रिंटिंगने छापलेली पत्रिका, मैत्रिणींनी मिळून भरतकाम केलेला अंतरपाट, घरी ओवलेल्या मुंडावळ्या. मनापासून सांगते, या कल्पना मला फार आवडल्या. वारली चित्रकलेत लग्नाचा चौक घरातल्या सुवासिनीच भिंतीवर काढत आल्या आहेत, त्यामुळे तुमचा पडदा बोहल्यामागेच शोभेल. पण यादीतले खर्च अपुरे आहेत.

तुम्ही मांडव, खुर्च्या आणि भांड्यांचे 70 हजार धरलेत. मळ्यात वीज किती भार घेईल? जनरेटर लागेल. 400 माणसांना पाण्याचा टँकर आणि तात्पुरती स्वच्छतागृहं लागतील. या तिन्हींचे मी 45 हजार धरते. वाढपी आणि नंतरची साफसफाई, 25 हजार. नाशिकहून मळा तीसेक किलोमीटर. सगळ्यांकडे गाड्या नसतात, म्हणून बसचे 30 हजार. बेरीज करा: 1 लाख 70 हजार. कार्यालयाचं भाडं होतं 1 लाख 80 हजार. म्हणजे जागा फुकट मिळूनही तुमचे फक्त दहा हजार वाचताहेत. कार्यालयाच्या भाड्यात भिंती, छप्पर, वीज, पाणी, शौचालयं आणि झाडलोट हे सगळं धरलेलं असतं. मोकळ्या जागेवर यातली एकेक गोष्ट आपल्याला वेगळी विकत आणावी लागते.

जेवणाचं तसंच. 350 रुपये पानाचा तुमचा भाव चुकीचा नाही. आचाऱ्याला मजुरी आणि शिधा आपला, अशा पद्धतीत मसालेभात, मठ्ठा, जिलबीचं साधं जेवण त्यात बसतं. पण सकाळचा नाश्ता, आदल्या रात्रीचं जेवण, मदतीला आलेल्यांचं खाणं आणि व्यावसायिक सिलिंडर त्यात नाहीत. (घरगुती सिलिंडर या कामाला वापरता येत नाहीत, आचाऱ्याला हे आधीच सांगा.) त्याचे आणखी 50 हजार. बिघडलेल्या, वाया गेलेल्या सजावटीच्या सामानाचे 10 हजार. तुमच्या 2 लाख 85 हजारांत हे सगळे वाढीव खर्च मिळवले की झाले 4 लाख 45 हजार. त्यावर दहा टक्के अडीअडचणीला ठेवलेच पाहिजेत. मळ्यातल्या लग्नाचा खरा आकडा 4 लाख 90 हजारांच्या आसपास जातो. वाचतात तीन लाख, पाच नव्हे.

म्हणजे हाताने करण्याला अर्थ नाही का? आहे, पण प्रत्येक वस्तूला नाही. यासाठी एक सोपी रीत वापरा. वस्तू घरी केल्याने किती रुपये वाचतात आणि तिला किती तास लागतात, एवढंच शेजारी शेजारी लिहा.

पाहुण्यांच्या कापडी पिशव्या घ्या. 400 पिशव्या आई आणि मावशी शिवणार, तुम्ही त्यावर ठसे उमटवणार. कापड, दोरी, रंग मिळून पिशवीला 22 रुपये. घाऊक बाजारात छापलेली तयार पिशवी 40 ला मिळते असं तुम्हीच लिहिलंय. पिशवीमागे 18 रुपये, सगळ्यांमागे 7 हजार 200 वाचतात. आता तास मोजा. कापणं, शिवणं, उलटवणं, ठसा मारणं, वाळवणं, इस्त्री करणं: एका पिशवीला वीस मिनिटं धरली तरी 133 तास होतात. तासाला 54 रुपये पडले. घरात लग्नाची सतरा कामं असताना इतक्या कमी मोलासाठी आईला शिलाई मशीनवर बसवू नका. पिशव्या एखाद्या महिला बचत गटाकडून घ्या. पैसे कष्ट करणाऱ्या बायकांच्या हातात जातील आणि वस्तू हातचीच राहील. हौस म्हणून ठसा तुमच्या चित्राचा द्या.

सजावटीचं गणित याच्या उलट आहे. पडदा, कागदी फुलं आणि तोरणं मिळून 120 तास लागतील, पण 1 लाख 20 हजारांच्या जागी 40 हजारांत काम होतं. तासाला साडेसहाशेच्या पुढे बचत. तुम्ही चित्रकार आहात आणि मध्ये दिवाळीची सुट्टी आहे, तेव्हा हे जरूर करा. केळीचे खांब आणि आंब्याचे टहाळे मामांच्या मळ्यातून आदल्या दिवशी तोडून आणा. झेंडू रात्रभर टिकतो, म्हणून तो आदल्या संध्याकाळी ओवता येतो. मोगऱ्याचे गजरे मात्र त्याच सकाळचे हवेत. लग्नसराईत झेंडूचा भाव कधी चढेल सांगता येत नाही, म्हणून मोठ्या कमानी कागदी फुलांच्या करा आणि खरी फुलं बोहल्यापुरती ठेवा.

अंतरपाटात एक रुपया वाचत नाही, उलट साठेक तास जातील. तरी तो कराच. भटजींनी मंगलाष्टका संपवून अंतरपाट दूर केला की तुम्ही दोघं एकमेकांना पाहणार. ते कापड मैत्रिणींच्या हातचं असावं असं वाटणं मला पटतं. खर्चाच्या यादीत एखादी गोष्ट केवळ प्रेमाची असायला हरकत नाही. मात्र अशा एक-दोनच ठेवा. तुमच्या यादीत नऊ आहेत.

पत्रिका हातकागदावर जरूर छापा. फक्त तिच्यावर दोघांची पूर्ण नावं, तारीख, वेळ आणि स्थळ स्पष्ट असू द्या. विवाह नोंदणीच्या वेळी लग्नपत्रिका मागतात, आणि नुसती चित्रं आणि दोन ओळींची कविता असलेली पत्रिका तिथे कामाला येत नाही.

मित्राकडून फोटो काढून घेण्याचा बेत सोडून द्या. 25 हजारांत तो कॅमेरा भाड्याने आणून दिवसभर धावपळ करणार, त्याला ना पंगतीला बसता येणार ना अक्षता टाकता येणार. व्यावसायिक छायाचित्रकार अर्ध्या दिवसासाठी ठरवा, ड्रोन आणि लग्नाआधीचं शूटिंग वगळा. मी 45 हजार धरते.

आता मुख्य मुद्दा. खर्च खरा कमी होतो तो माणसं कमी केल्याने. मळ्यातल्या जेवणाचा खर्च माणशी 475 पडतो. 400 ची 250 माणसं केलीत तर नुसत्या जेवणात 71 हजार सुटतात, पत्रिका-पिशव्यांच्या सगळ्या बचतीहून कितीतरी जास्त. वडिलांना हे जड जाईल, मला कल्पना आहे. गावातल्या लोकांना वगळलं असं वाटू नये, यासाठी त्यांच्याशी बसून दोन याद्या करा. एक लग्नाची. दुसरी, लग्नानंतरच्या सत्यनारायणाच्या पूजेला चहा-प्रसादाला बोलावण्याची. घरी जाऊन हातची पत्रिका आणि लाडू देऊन पूजेचं आमंत्रण केलं, तर फारसं कुणी रुसत नाही.

250 माणसं झाली की तिसरी वाट उघडते, आणि माझा कौल तिला आहे. एखाद्या संस्थेचं किंवा देवस्थानाचं लहान सभागृह घ्या, पॅकेजशिवाय. भाडं 60 हजार, जेवण 250 पानं साडेचारशेने 1 लाख 12 हजार 500, सजावट 40 हजार, फोटो 45 हजार, पत्रिका-रुखवत-पिशव्या 20 हजार, वाढपी-सफाई 20 हजार. त्यावर दहा टक्के धरून 3 लाख 27 हजार. मळा सोडू नका, हळद तिथे करा. घरची पन्नास-साठ माणसं, चुलीवरचं जेवण, मामांच्या विहिरीचं पाणी. त्याचे 25 हजार. एकूण 3 लाख 52 हजार. पॅकेजही 250 पानांवर आणलं तर 6 लाख 70 हजारांवर येईल, तरी तीन लाखांहून जास्त फरक राहतो. आणि पाऊस, वीज, टँकर यांची काळजी लग्नाच्या दिवशी कुणाच्याच डोक्यावर नसते.

सभागृहाला अनामत देण्याआधी विचारून घ्या: बाहेरचा आचारी चालतो का, सजावट आपली आपण करता येते का, किमान पानांची अट आहे का, आदल्या रात्री हॉल किती वाजता ताब्यात मिळतो. पुष्कळ ठिकाणी आचारी आणि सजावटवाला ठरलेलाच घ्यावा लागतो. मग तुमचा पडदा घरीच राहील आणि हिशोब पुन्हा पॅकेजवर जाईल. उत्तरं पावतीवर किंवा निदान मेसेजवर लिहून घ्या. पैसे बँकेतून द्या. एका समारंभासाठी एकाच व्यक्तीकडून दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यात मना आहे, त्यामुळे कुणी रोखीचा आग्रह धरला तर तिथेच थांबा.

पैसे कुठून आणायचे? दोघांची बचत 6 लाख 80 हजार. संसाराचा महिन्याचा खर्च 55 हजार धरला, तर सहा महिन्यांचे 3 लाख 30 हजार बाजूला राहिलेच पाहिजेत. त्यांना हात लावू नका. उरतात साडेतीन लाख, म्हणजे जवळजवळ लग्नाचा खर्च. कुणाचं कर्ज नको की वडिलांची ठेव नको. तुमची मुदत ठेव मोडावी लागली तर बँक साधारण अर्धा ते एक टक्का व्याज कापते, त्यामुळे आधी आवर्ती ठेव आणि बचत खात्यातले वापरा. पुढचे आठ महिने तुम्ही दोघं मिळून दरमहा 40 हजार बाजूला टाकू शकता असं लिहिलंय. ते झाले 3 लाख 20 हजार, फ्लॅटची पहिली रक्कम. ती शेअर बाजारात घालू नका. दोन-अडीच वर्षांत लागणारा पैसा ठेवीतच बरा.

आहेराची पाकिटं या हिशोबात मी मुद्दाम धरलेली नाहीत, तुम्हीही धरू नका. येतील तेव्हा वहीत नावानिशी लिहा आणि बँकेत भरा. लग्नानिमित्त वधूवरांना मिळालेल्या भेटीवर आयकर लागत नाही. ही सवलत आईवडिलांच्या हातात आलेल्या पाकिटांना नाही, म्हणून पाकिटं तुमच्या दोघांच्याच नावाची असू द्यात.

वडिलांचे 4 लाख त्यांच्याकडेच राहू द्या. 61 व्या वर्षी ती रक्कम ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवली तर दर तिमाहीला व्याज हातात येईल. त्यांना काही द्यायचंच असेल तर अक्षतांचे तांदूळ आणि रुखवतातली भांडी त्यांच्याकडून घ्या. तेवढ्याने त्यांचं मन भरेल.

शेवटची गोष्ट तारखेची. लग्नाच्या दहा दिवस आधीची एक तारीख भिंतीवर लिहून ठेवा. त्या दिवशी जे अर्धवट असेल ते बाजारातून आणायचं किंवा सोडून द्यायचं, हे आईला आणि मैत्रिणींना आजच सांगा. त्यासाठी वेगळे पैसे लागणार नाहीत, वर धरलेले दहा टक्के त्याच कामाचे आहेत. आणि या आठवड्यात दोन सभागृहांना फोन करा. फेब्रुवारीचे मुहूर्त लवकर भरतात.