घड्याळ बघून बदली नको

बास्केटबॉलच्या सामन्यात ठरावीक मिनिटांनी खेळाडूंची बदली करायचा नियम बनवू नकोस. मुंबईच्या ऑक्टोबरात दहा मिनिटांचा अख्खा क्वार्टर कुणी जीव तोडून पळत नसतो, हे खरं; पण पाचही एकदम बदललेस तर लय गेलीच. एक-दोघं बदल. डिफेन्सला परतताना पोरगा चालायला लागला, शिट्टी वाजली की हात गुडघ्यांवर, की समज, दमला. राखीव खेळाडूला आधीच स्कोअररच्या टेबलापाशी पाठव. बदली त्यानेच मागायची असते आणि घड्याळ थांबल्याशिवाय मिळत नाही. तोवर समोरची नागपाड्याची पोरं तीन बास्केट टाकून मोकळी! पहिल्याच क्वार्टरला दोन फाउल झालेल्याला बसव, पाचव्या फाउलला तो बादच. चुकलेल्या एका पाससाठी मात्र कुणाला ओढून काढू नकोस. मग तो चेंडूपेक्षा तुझ्याकडेच बघत खेळतो.