चिंचोक्यांचा डाव आणि दीडशेचा वाद

प्रश्न : दिवाळीत आम्ही सगळी भावंडं साताऱ्याला जमलो होतो. तीन पत्ती नेहमीचीच, पण यंदा मामेभावानं चिंचोक्यांवर पोकर शिकवला. 'पॉट लिमिट खेळू,' म्हणाला. एका डावात मध्ये ६० चिंचोके होते, त्यानं ३० लावले. माझी पानं चांगली होती म्हणून मी १५० पुढं सरकवले. तो म्हणाला, "मध्ये ९० झालेत, तुला ९०च्या वर जाता येणार नाही." बहीण म्हणाली १२०. भांडण नको म्हणून मी १२०वर थांबले, पण डोक्यातून जात नाही. ताई, बरोबर कोण? आणि ही मर्यादा हवीच कशाला? तीन पत्तीत तर असलं काही नसतं.
– एक वाचक, सातारा

उत्तर : तुम्हीच बरोबर होता. १५० पूर्ण नियमात होते.

पॉट लिमिटमध्ये आधी देणं फेडायचं, मग पॉट, म्हणजे मध्ये जमलेले सगळे चिंचोके, मोजायचा. मध्ये ६०, त्यात भावाचे ३०, म्हणजे ९०. आता त्याची बरोबरी करायला तुमचे ३० टाका, झाले १२०. या १२०एवढी तुम्ही बोली वाढवू शकता. बरोबरीचे ३० आणि वाढीचे १२०, एकूण १५०. भावानं आणि बहिणीनं दोघांनीही पॉट ९० धरला, तुमचे बरोबरीचे ३० त्यात मिळवलेच नाहीत. तोंडी हिशेब करायचा तर शेवटच्या बोलीची तिप्पट करा आणि त्या बोलीआधी मध्ये जे होतं ते मिळवा : ९० अधिक ६०.

मर्यादा तीन पत्तीतही असते. ब्लाइंडवाल्यानं जेवढे टाकले त्याच्या दुप्पट ते चौपट, एवढीच पानं पाहिलेल्याची चाल, असं बहुतेक घरांत चालतं. सवयीमुळं ती आपल्याला मर्यादा वाटत नाही, इतकंच.

आता 'कशाला' हा प्रश्न. तो मला फार जवळचा आहे. ऑगस्ट २०१९च्या महापुरात आम्ही सांगलीत, गावभागात, वरच्या मजल्यावर अडकलो होतो. आयर्विन पुलापाशी कृष्णेनं ४५ फुटांची धोक्याची पातळी केव्हाच ओलांडली होती, खालच्या खोल्या पाण्यात, वीज नाही. पुण्याचा भाचा आमच्याकडं आलेला, तोही अडकला. त्यानं मेणबत्तीच्या उजेडात हा खेळ शिकवला. मी एकतीस वर्षं गणित शिकवलं आहे. दुसऱ्या दिवशी मी वही काढून बसले, कारण पानं तीच असूनही बोलीचा नियम बदलला की माझा निर्णय बदलत होता.

वहीतलं एक उदाहरण देते. हातात दोन इस्पिक, मध्ये उघडलेल्या चार पानांत आणखी दोन. शेवटचं पान यायचंय, तेही इस्पिक आलं तर पाच इस्पिक जुळून डाव माझा. मला सहा पानं दिसतात, उरली ४६. त्यात इस्पिक ९, बाकीची ३७. म्हणजे एका चांगल्या पानामागं चार वाईट, थोडी जास्तच. मध्ये १२० चिंचोके.

ठरीव बोलीत, म्हणजे फिक्स्ड लिमिटमध्ये, पहिल्या दोन फेऱ्यांत समजा दहादहाचीच बोली, शेवटच्या दोन फेऱ्यांत वीसवीसची. एका फेरीत साधारणपणे एक बोली आणि तीन वाढी, त्यापुढं नाही. समोरच्यानं २० लावले. मला २० देऊन १४० मिळवायची संधी, एकास सात, म्हणजे एकास चारपेक्षा चांगला भाव. अवश्य डावात राहायचं. पॉट लिमिटमध्ये तो १२० लावू शकतो. मग १२० देऊन २४०, एकास दोन. सोडून द्यायचं. नो लिमिटमध्ये, म्हणजे बोलीला मर्यादाच नसते तिथं, त्यानं स्वतःसमोरचे सगळे ३०० ढकलले तर ३०० देऊन ४२०. तिथं तर विचारच नको.

ते पाचवं इस्पिक शोधायची किंमत कोण ठरवतं, नियम की समोरचा माणूस, हा सगळा फरक आहे. ठरीव बोलीत किंमत नियम ठरवतो, म्हणून लोक शेवटपर्यंत बसून राहतात. नो लिमिटमध्ये ती समोरचा ठरवतो. पॉट लिमिट मधला : तुम्हाला एकास दोनपेक्षा वाईट भाव कुणी देऊच शकत नाही. हातात चार पानं देणाऱ्या ओमाहा या पोकरच्या प्रकारात, जिथं अशा अर्धवट जुळलेल्या पानांची रेलचेल असते, तिथं म्हणूनच पॉट लिमिट रुजलं असं मला वाटतं. लास वेगासच्या पोकरच्या वर्ल्ड सीरिजची मुख्य स्पर्धा मात्र नो लिमिट होल्डेमची, म्हणजे हातात दोन पानं देणाऱ्या प्रकाराची.

नवशिक्यांच्या घरच्या डावाला मी ठरीव बोलीच सांगेन. लहान मुलंही शेवटचं पान पाहू शकतात. आणि चिंचोकेच ठेवा. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५च्या केंद्रीय कायद्यानं बंदी आहे.

प्रश्न : बरोबरी करायला चिंचोके पुरले नाहीत की गडी त्या डावातून बाद, असा आमच्याकडं नियम आहे. हे योग्य का?
– एक वाचक, कराड

उत्तर : नाही, हा त्या गड्यावर अन्याय आहे. समोर आहेत तेवढे सगळे लावून त्याला डावात राहता येतं. त्याचे ४० आणि बाकी दोघांचे शंभर-शंभर असतील, तर प्रत्येकाचे ४० धरून १२०चा मुख्य पॉट करा. दोघांचे उरलेले साठ-साठ बाजूला वेगळे ठेवा. आधी त्या दोघांची पानं एकमेकांशी पाहून बाजूचे १२० देऊन टाका, मग तिघांची पानं पाहून मुख्य पॉट. ४०वाल्याची पानं सगळ्यांत भारी निघाली तरी बाजूच्या पॉटला त्यानं हात लावायचा नाही. आणि डाव चालू असताना खिशातून नवे चिंचोके काढायचे नाहीत. ते पुढच्या डावाला.