आधी कार्बनकडे बघ

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

फिरत्या डिस्कच्या इलेक्ट्रोडवरच्या चाचणीत प्लॅटिनमच्या तोडीचा ठरलेला तुझा लोह-नायट्रोजन-ग्राफीनचा उत्प्रेरक फ्युएल सेलमध्ये, म्हणजे हायड्रोजन आणि हवेपासून वीज करणाऱ्या घटात, घातल्यावर काही तासांत निकामी का होतो, असं विचारलंस. तुझी मापं क्षारीय द्रावणातली आणि सेलमधलं नॅफिऑन या पॉलिमरचं मेम्ब्रेन (पडदा) आम्लधर्मी. हे तुझं तुलाच दिसायला हवं होतं. मोजणीतला काउंटर इलेक्ट्रोड (सर्किट पूर्ण करणारा, समोरचा) प्लॅटिनमचा असेल तर ते आकडे बाजूलाच ठेव. ते प्लॅटिनम विरघळून तुझ्या उत्प्रेरकावर बसू शकतं.

पण मूळ दुखणं त्याहून खोल आहे. आधी कार्बनकडे बघ, उत्प्रेरकाचा आधार तोच. त्याचा कार्बन डायऑक्साइड व्हायला 0.207 व्होल्ट पुरतात आणि कॅथोड (हवेच्या बाजूचा इलेक्ट्रोड, तुझा उत्प्रेरक असतो तो) तर 0.6 ते 0.9 व्होल्टवर चालतो. ही क्रिया फार संथ आहे, एवढ्यावरच सगळं निभावतं. बंद सेल पुन्हा सुरू करताना अ‍ॅनोडकडे, म्हणजे हायड्रोजनच्या बाजूला, हवा शिरलेली असली, की कॅथोड क्षणभर 1.5 व्होल्टच्या आसपास चढतो आणि कार्बन भराभर झिजतो. प्लॅटिनमचे 2-3 नॅनोमीटरचे कण असोत की तुझी लोहाची केंद्रं (क्रिया घडते त्या जागा), बूडच गेल्यावर ती राहणार कुठे?

नायट्रोजन घालून, कार्बनच्या जाळीतले दोष वाढवून तू क्रियाशीलता मिळवलीस. झीज सुरू होते तीही त्या दोषांपासूनच. ग्राफाइटीकरण, म्हणजे कार्बनची जाळी ग्राफाइटसारखी नीटस करणं, वाढवलंस तर कार्बन टिकेल, पण केंद्रं घटतील. अगं, ही ओढाताण हाच तुझा प्रबंध आहे, आणि तू ती परिशिष्टात ढकलायला निघालीस!

टिकाऊपणाची चाचणी केल्याशिवाय मी एकही शोधनिबंध पाठवला नाही. माझी यादी आखूड राहिली, बढती लांबली. माझ्या हट्टापायी विद्यार्थी ताटकळले, त्याची खंत आहे. हट्टाची नाही. त्यातला एकही निष्कर्ष मला मागे घ्यावा लागला नाही, आणि लांबलचक याद्या असलेल्या सगळ्यांनाच हे म्हणता येत नाही.

तेव्हा आधी कार्बनकडेच बघ. लोह न घातलेला नुसता कार्बन सेलमध्ये लाव, कॅथोडला नायट्रोजन सोड, 1.0 ते 1.5 व्होल्टदरम्यान 5000 चक्रं चालव आणि बाहेर येणाऱ्या वायूतला कार्बन डायऑक्साइड मोज. मग थराचा छेद घेऊन जाडी बघ. तुझे मार्गदर्शक निबंधाची घाई करत असतील तर त्यांना हे पत्र दाखव. आलेख जसे येतील तसे, न सजवता, मला पाठव.

तुझा,
सर