फुलोरा नसताना फक्त पानाच्या छेदावरून सारखी दिसणारी गवतं वेगळी ओळखता येतात का?

येतात, पण सगळ्या प्रजातींत (म्हणजे जवळच्या जातींच्या गटांत) नाही. फेस्टुका या गवतांच्या प्रजातीतल्या बारीक पानांच्या जातींत मी तर आधी पानच कापतो. तिथे कणिशकांची (फुलोऱ्यातल्या छोट्या फुलगुच्छांची) मापं एकमेकांत इतकी मिसळतात की मोजून हाती फारसं लागत नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ एडुआर्ट हाकेलने १८८२ मध्ये युरोपातल्या फेस्टुकांची वर्गवारी केली, तेव्हाच पानाच्या अंतर्रचनेला मोठं स्थान दिलं होतं.

पात्याचा आडवा छेद घेऊन दृढ ऊतक (पानाला ताठपणा देणाऱ्या जाड भिंतींच्या पेशी) कसं पसरलंय ते बघा. फेस्टुका व्हॅलेसियाकात त्याचे तीन जाड पट्टे दिसतात, एक मध्यशिरेपाशी आणि दोन कडांना. फेस्टुका ओव्हिनात ते पात्याच्या बाहेरच्या बाजूने बहुधा सलग पसरतं, कधी मध्ये तुटतं. फेस्टुका रुब्रात शिरांसमोर सुटे, लहान पुंजके असतात. जोडीला शिरा आणि आतल्या बाजूचे उंचवटे मोजायचे.

छेद कुठून घेता, यावर मात्र बरंच अवलंबून आहे. फुलोऱ्याच्या दांड्यावरचं पान घेऊ नका, बुडातल्या वांझ फुटव्याचं घ्या आणि पात्याच्या मधोमध कापा. टोकाकडे शिरा कमी होत जातात. शिवाय ऊन आणि कोरडेपणा यांनी दृढ ऊतक कमीजास्त होतं, त्यामुळे एका झाडाच्या एका छेदावर जातीचं नाव ठरवणं मला पटत नाही. वाळलेला नमुना असेल तर गरम पाण्यात मऊ करून साध्या ब्लेडने कापा. फ्लोरोग्लुसिनॉल आणि हायड्रोक्लोरिक आम्ल टाकलं की लिग्निन (पेशीभिंत कडक करणारा पदार्थ) असलेल्या पेशी लाल होतात आणि पट्टे चटकन दिसतात.

सिलिका पेशींचे (पानाच्या सालीतल्या सिलिका साठवणाऱ्या पेशींचे) आकार, सूक्ष्मरोम (अगदी बारीक केस) वगैरे जे पुस्तकांत ठळक छापलेलं असतं, ते जवळच्या जातींसाठी सहसा कामाचं नाही. पॅनिकॉइडीत सिलिका पेशी डंबेलसारख्या, क्लोरिडॉइडीत खोगिरासारख्या, पण हा फरक उपकुलांचा, म्हणजे गवतांच्या मोठ्या गटांचा. शिरेभोवतीची क्रान्झ रचना (शिरेला वेढणारं मोठ्या पेशींचं कडं, सी-४ गवतांची खूण) त्याहून उपयोगी, कारण जुन्या अवाढव्य पॅनिकम प्रजातीत सी-३ आणि सी-४ (प्रकाशसंश्लेषणाच्या दोन पद्धती) दोन्ही गवतं एकत्र होती. त्यातलं सी-३ डायकँथेलियम आता वेगळी प्रजाती मानतात. पण क्रान्झ रचनेवरही डोळे मिटून विसंबू नका. अ‍ॅलोटेरॉप्सिस सेमिअलाटा या एकाच जातीत सी-३ आणि सी-४ अशी दोन्ही प्रकारची झाडं सापडतात!

तुमच्या छेदात तीन पट्टे आले, तरी काम संपत नाही. फेस्टुका रुपिकोलातही तीनच असतात. तिची पानं सहसा जाड आणि हिरवी, व्हॅलेसियाकाची बारीक आणि निळसर मेणचट. तेवढ्यानेही ठरत नसेल तर गुणसूत्रं मोजावी लागतील: व्हॅलेसियाकात १४, रुपिकोलात ४२.