अ‍ॅलर्जीची ब्लड टेस्ट नॉर्मल आली तरी फुफ्फुसाचा आजार अ‍ॅलर्जीमुळे असू शकतो का?

तुम्ही लिहिलंय की आईंच्या सीटी रिपोर्टवर ‘हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिसची शक्यता’ (म्हणजे श्वासातून आत गेलेल्या कशाची तरी अ‍ॅलर्जी होऊन फुफ्फुसाला आलेली सूज) असं आलंय पण अ‍ॅलर्जीची टेस्ट नॉर्मल आहे, मग खरं कोणतं मानायचं. मी छातीविकारांची डॉक्टर आहे, थेट सांगते, त्या टेस्टवरून हा आजार नाही असं अजिबात म्हणता येत नाही. नेहमीच्या अ‍ॅलर्जी टेस्टमध्ये आयजीई नावाची अँटीबॉडी मोजतात, ते शिंका, दमा, पित्त उठणं यासाठी. या आजारात आयजीजी ही वेगळी अँटीबॉडी आणि टी पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) यांचं काम असतं.

मग आयजीजी टेस्ट करा असं कोणी सांगेल, करायला हरकत नाही, पण तिच्यावरही सगळी भिस्त ठेवू नका. कबुतरं पाळणाऱ्या अगदी ठणठणीत माणसांच्या रक्तातही ही आयजीजी सापडते, म्हणजे पॉझिटिव्ह आली तर संपर्क आलाय एवढंच कळतं, आणि निगेटिव्ह आली तर कदाचित जे त्रास देतंय ते टेस्टच्या यादीतच नव्हतं.

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो विचारपूस करण्याला. पक्षी, पिसांची उशी किंवा रजई, भिंतीची ओल, बुरशी लागलेलं गवत-धान्य, कामावरची रसायनं, अगदी फुंकून वाजवायचं वाद्यसुद्धा. माझे एक पेशंट प्रत्येक प्रश्नाला नाही म्हणत होते, शेवटी त्यांच्या मिसेसनी सांगितलं की झोपायच्या खोलीत हवेत ओलावा सोडणारा ह्युमिडिफायर असतो आणि त्याच्या टाकीत बोट फिरवलं की बुळबुळीत थर हाताला लागतो, गावाला गेले की मात्र खोकला कमी होतो. हा धागा कुठल्याच मशीनवर दिसला नसता. अचानक होणाऱ्या प्रकारात संपर्कानंतर साधारण 4 ते 8 तासांनी ताप, थंडी, धाप लागते त्यामुळे फ्लू वाटतो, आणि हळूहळू वाढणाऱ्या प्रकारात तर नुसता दम लागत जातो, कशामुळे ते पेशंटला जाणवतही नाही. बऱ्याच जणांत कारण शेवटपर्यंत सापडत नाही हेही खरं.

सीटी एचआरसीटीच (फुफ्फुस जास्त बारकाईने दाखवणारा) हवा, आणि श्वास आत घेऊन व पूर्ण बाहेर सोडून असा दोन्ही वेळा काढलेला. बाहेर सोडल्यावरही फुफ्फुसाचे काही भाग काळेच राहिले तर तिथे हवा अडकतेय, म्हणजे बारीक श्वासनलिका सुजल्यात, ही मोठी खूण आहे. एवढ्यावर ठरलं नाही तर ब्रॉन्कोस्कोपीने फुफ्फुस धुवून त्या पाण्यात लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी वाढल्यात का बघतात, बायोप्सी त्यानंतरच, तीही सगळ्यांना लागत नाही.

एवढा खटाटोप का, तर आयपीएफ नावाचा आजार (यात कारण न कळता फुफ्फुसात व्रण होऊन ते कडक होत जातं) कधीकधी सीटीवर हुबेहूब असाच दिसतो. आयपीएफमध्ये प्रेडनिसोलोनसारखं स्टिरॉइड, अझाथायोप्रिन आणि एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन एकत्र दिल्याने मृत्यू वाढले हे 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ट्रायलमध्ये दिसलं, आणि इकडे हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिसमध्ये स्टिरॉइड अनेकदा उपयोगी पडतं. म्हणून कृपया तपासण्या व्हायच्या आधी स्वतःहून स्टिरॉइड सुरू करू नका, थोडं बरं वाटतं आणि रिपोर्ट फसवे येतात. आईंना चालताना ऑक्सिजन पडत असेल तर मात्र थांबू नका, लगेच दाखवा.

रिपोर्टमध्ये ‘फायब्रोसिस’ (फुफ्फुसात झालेले कायमचे व्रण) शब्द आहे का ते बघून इथे लिहा, त्यावर पुढचं बरंच ठरतं.