सुखोईच हवं म्हणणाऱ्या मालवणच्या बाबूस

बाबू, सुखोई या लढाऊ विमानाचं नाव आत्ताच घेऊ नकोस. हवाई दलाच्या दुंडिगलच्या अकादमीत पिलाटस या शिकाऊ विमानावरचं पहिलं प्रशिक्षण झालं की फायटर, ट्रान्सपोर्ट की हेलिकॉप्टर एवढंच ठरतं. पसंती विचारतात, पण गुणवत्ताक्रम आणि त्या वेळच्या जागा आधी बघतात. विमान कुठलं, ते पुढे.

म्हणून पहिल्या सॉर्टीपासून, म्हणजे पहिल्या उड्डाणापासून, प्रत्येक शेरा मोलाचा. उड्डाणाच्या आदल्या रात्री खुर्चीत बसून, डोळे मिटून अख्खी सॉर्टी उडवायची. कुठला हात कधी कुठल्या स्विचवर जाणार, रेडिओवर काय बोलणार, इंजिन बंद पडलं तर पहिलं काय करणार, सगळं पाठ. दशावतारातला नट रंगायच्या आधी सोंग मनात घोळवतो ना, तसं. उतरल्यावर इन्स्ट्रक्टर चुका सांगतील तेव्हा सबबी नकोत. (वाद घालायची आपली हौस दांडगी, ती गावच्या पारावर भागव.) चूक लिहून ठेव, दुसऱ्या दिवशी तीच दिसता कामा नये. हवामान, नेव्हिगेशनचे पेपरही हलके घेऊ नकोस.

हेलिकॉप्टर मिळालं तर तोंड पाडू नकोस; पुरात, समुद्रात माणसं उचलणारं तेच.

आणि हो, वैमानिकांची संगणकीय निवड चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. पायांची लांबी ९९ ते १२० सेंटीमीटरमध्ये लागते, ती आजच मोजून घे.