नवीन चेनसॉची ताकद कशी वाढवावी, आणि ती खरंच वाढली हे कसं तपासावं?

तुम्ही विचारलं आहे की धुऱ्यावरच्या बाभळी आणि कडुनिंब तोडायला ५८ सीसीची, २२ इंची बारची (साखळी ज्या लांब पट्टीवर फिरते ती) नवी चेनसॉ घेतली. व्हिडिओत लोक सायलेन्सरला भोकं पाडून ताकद वाढवताना दिसतात, तर आपणही पाडावी का, आणि ताकद वाढली हे कळणार कसं. भाऊ, मी आधी दुसऱ्या प्रश्नाकडे जातो. तो सुटला की पहिल्याचं उत्तर तुमचं तुम्हालाच मिळेल.

मी अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शीकडचा. घरची संत्र्याची बाग आहे, आणि फावल्या वेळात गावातले फवारणी पंप, पाण्याच्या मोटारी, चेनसॉ खोलून बसतो. डिंक्यानं (खोडातून डिंक गळायच्या रोगानं) वाळलेली झाडं काढायचं काम आमच्या पट्ट्यात कधी संपत नाही, त्यामुळे या मशीन बऱ्याच हाताखालून गेल्या. पहिली मात्र मी स्वतःच मारली. घेतली त्याच्या दुसऱ्या दिवशी सायलेन्सरला ड्रिलनं तीन भोकं पाडली. आवाज असा निघाला की वाडीतली कुत्री पळाली. मला वाटलं, जमलं! शेजारचे काका धुऱ्यावर उभे राहून पाहत होते. म्हणाले, "आवाज तं लय येते बे, पण लाकूड काहून कटत नाही?"

राग आला, पण ते खरं बोलले होते. चौथ्या दिवशी, जानेवारीतल्या थंड सकाळी, बाभळीच्या खोडात अर्ध्यावर असताना मशीन एकदम किंचाळली आणि बंद पडली. दोरी ओढली तर हलेना. सायलेन्सर काढून आत टॉर्च मारला, तर पिस्टनवर सायलेन्सरच्या बाजूनं उभे ओरखडे. नवीन सिलिंडर-पिस्टन घालावा लागला.

झालं काय होतं, तर धूर बाहेर पडायची वाट मोकळी केली की इंजिन हवाही जास्त ओढतं. कार्बुरेटर मात्र पेट्रोल आधीच्याच मापानं देत राहतो. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमधूनच येतं, म्हणजे पेट्रोल कमी पडलं की ऑइलही कमी पडलं. पिस्टन तापतो, फुगतो, चिकटतो. त्यात भर म्हणजे मिश्रण सुकं झालं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी झालं, की मशीन आधी जास्त जोरात फिरते आणि आपल्याला वाटतं ताकद आली. मरायच्या आधीचा तो जोर असतो.

म्हणून आधी मोजायचं. सरळ, बिनगाठीचा, ओला कडुनिंबाचा ओंडका घ्या, नऊ-दहा इंच जाडीचा. घोडीवर पक्का बांधा. खडूनं दोन-दोन बोटांवर रेघा मारा. मशीन पाच मिनिटं चालवून गरम करा, मग पूर्ण रेसवर, जोर न लावता, मशीनच्या स्वतःच्या वजनानं चकत्या पाडा. वेळ तुम्ही मोजू नका. पोराला मोबाईलवर व्हिडिओ काढायला लावा आणि नंतर बसून सेकंद मोजा. तीन चकत्यांची सरासरी घ्या. ओंडका एका टोकाला बारीक असतोच, म्हणून बदल केल्यानंतरच्या चकत्या आधीच्यांच्या शेजारीच पाडा. एका वेळी एकच बदल. आज साखळी, उद्या बार, परवा सायलेन्सर. सगळं एकदम केलं तर कशानं काय झालं ते देवालाच ठाऊक.

आणि हे पहिलं मोजमाप खोक्यातून काढल्या काढल्या घेऊ नका. नव्या इंजिनात रिंगा सिलिंडरला बसायला पेट्रोलच्या तीन-चार टाक्या लागतात. तोवर हलकं काम करा, मोकळी रेस धरून ठेवू नका. या काळात मशीन आपोआपच सुधारते. बरेच लोक पहिल्या दिवशी भोकं पाडतात, आठवड्यानं मशीन बरी चालायला लागली की श्रेय भोकांना देतात.

आता ताकद. सगळ्यात मोठा फायदा साखळीत आहे, आणि त्याला फक्त एक कानस लागते. नवी साखळी धारदार असते हा समज स्वस्त मशीनच्या बाबतीत सोडून द्या. तुमच्या मशीनला बहुधा .३२५ पिचची (पिच म्हणजे साखळीच्या कड्यांमधल्या अंतराचं माप, इंचात) साखळी असेल, तिला ४.८ मिमीची गोल कानस लागते. ३/८ लो-प्रोफाइल असेल तर ४ मिमीची. बारवर आकडे कोरलेले असतात, वाचून घ्या. प्रत्येक दाताला ३० अंशात, आतून बाहेर, सारखेच हात मारा. बाभळीसारख्या कडक लाकडाला २५ अंश चालतात. दोन्ही बाजूंचे दात एकाच लांबीचे राहिले पाहिजेत, नाहीतर मशीन वाकडी कापत जाते आणि आपण बारला दोष देतो.

दातापुढे जी बुटकी कुबड असते ती दात किती खोल घुसणार हे ठरवते. दाताच्या टोकापासून ती साधारण ०.६५ मिमी खाली हवी. धार लावता लावता दात झिजतो, कुबड तशीच राहते, आणि धार असूनही साखळी लाकूड खात नाही. सपाट कानसीनं दोन-तीन हात मारा, मोजा, थांबा. जास्त घासलीत तर मशीन लाकडात झटके देते, आणि बारचं टोक कशाला लागलं तर मशीन उसळून तोंडावर येते. भुसा पाहिला तरी कळतं: पोह्यांसारखा पडत असेल तर धार बरोबर आहे, पिठासारखा असेल तर कानस काढा. वाळलेल्या झाडाचं बुड कापताना काळ्या मातीला एकदा जरी साखळी लागली तरी धार गेली समजा. आधी बुडाची माती झाडून घ्या.

दुसरी गोष्ट बार. माझ्याकडे खोलायला आलेल्या ५८ सीसीच्या स्वस्त मशीनमध्ये पिस्टन ४५.२ मिमीचा निघाला, तर ५२ सीसीवाल्यांत ४५ चा. म्हणजे फरक स्टिकरमध्येच जास्त. एवढ्या इंजिनावर २२ इंची बार म्हणजे गोऱ्ह्याला मोठ्या बैलाचं जू. १८ इंची बार आणि ७२ ड्राइव्ह लिंकची (बारच्या खाचेत फिरणाऱ्या कड्यांची) साखळी घाला, गेज, म्हणजे त्या कड्यांची जाडी, .०५८ इंच आहे ना ते पाहून घ्या. घर्षण कमी होतं आणि तेच इंजिन मोकळं झाल्यासारखं चालतं. बारला जळकं ऑइल टाकायची आपल्याकडची सवय सोडा, त्यात लोखंडाचा कीस असतो. ऑइल येतंय का ते पाहायला बारचं टोक कागदापासून वीतभर लांब धरून रेस द्या, कागदावर ठिपक्यांची रेघ उमटली पाहिजे.

एवढं करून मोजा. माझ्या दुसऱ्या मशीनवर खोक्यातल्या साखळीनं एका चकतीला सरासरी २१ सेकंद लागत होते, धार आणि कुबडी नीट केल्यावर १५. नंतर सायलेन्सर आणि कार्बुरेटरनं ते १३ वर आलं. म्हणजे सहा सेकंद कानसीनं दिले आणि सगळा आवाज करून सायलेन्सरनं दोन.

तरी करायचंच असेल, तर असं करा. सायलेन्सर मशीनवरून काढूनच भोक पाडा, लोखंडाचा कीस सिलिंडरमध्ये गेला तर सगळं संपलं. बाहेर पडायची एकूण वाट सिलिंडरच्या एक्झॉस्ट तोंडाच्या तीन-चतुर्थांशाच्या आत ठेवा. भोकाचं तोंड हँडल, टाकी, प्लास्टिकच्या कव्हराकडे नको. आतली ठिणगी अडवणारी जाळी फेकू नका. आपल्याकडे फेब्रुवारीपासून पळसाच्या पानाखालचं गवत वाळलेलं असतं, एक ठिणगी पुरते. वॉरंटी मात्र तुम्ही ड्रिल लावलं त्याच क्षणी गेली.

मग कार्बुरेटर. त्याला तीन स्क्रू असतात: एल, एच आणि आयडल. एल हा कमी रेसचा, एच हा पूर्ण रेसचा. तो डावीकडे फिरवला की पेट्रोल वाढतं. भोकं पाडल्यावर मशीन चालू करायच्या आधीच पाव फेरा डावीकडे द्या. गरम झाल्यावर रिकामी पूर्ण रेस दोन-तीन सेकंदच द्या आणि कान लावा: आवाज थोडा फाटका, अडखळल्यासारखा, भरभर यायला हवा. लाकडात घातल्यावर तोच स्वच्छ आणि एकसारखा झाला पाहिजे. रिकाम्या रेसवरच शिट्टीसारखा स्वच्छ आवाज येत असेल तर मिश्रण सुकं आहे, लगेच बंद करा. नंतर प्लग काढून बघा. विटकरी-तपकिरी असेल तर छान, पांढरा असेल तर धोका, काळा ओला असेल तर पेट्रोल जास्त. प्लगच्या वायरला गुंडाळून आरपीएम दाखवणारा मीटर स्वस्तात मिळतो. पुस्तिकेतल्या कमाल आकड्याच्या वर जाऊ देऊ नका.

पेट्रोलचंही ऐका. पंपावर आता ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळतं. इथेनॉलला जाळायला हवा कमी लागते, म्हणजे त्याच कार्बुरेटरवर तेच इंजिन आणखी सुकं चालतं. शिवाय ते पाणी ओढतं आणि कार्बुरेटरचा रबरी पडदा कडक करतं. मिश्रण महिन्याभरापेक्षा जास्त ठेवू नका, मशीन ठेवून द्यायची असेल तर टाकी रिकामी करा. ऑइल डब्यावर जासो एफसी किंवा एफडी (टू-स्ट्रोक ऑइलच्या दर्जाची खूण) लिहिलेलं घ्या आणि प्रमाण पुस्तिकेतलं पाळा. २५ ला १ म्हणजे लिटरला ४० मिली. "दोन झाकणं जास्त टाकली तर इंजिन खूश" असं कुणी सांगेल. ऑइल वाढवलं की तेवढं पेट्रोल कमी होतं, म्हणजे मिश्रण उलट सुकंच होतं.

सिलिंडरखालचं गॅस्केट काढून कॉम्प्रेशन वाढवायचं, पोर्ट (सिलिंडरमधली हवा-धुराची तोंडं) घासायचे, हे पहिल्या मशीनवर नको. त्याला पिस्टन आणि हेडमधलं अंतर सोल्डरची तार दाबून मोजावं लागतं, आणि ते अर्ध्या मिमीच्या खाली गेलं तर आदळतं. एअर फिल्टर काढून टाकणं ही तर नुसती आत्महत्या.

चाचणी घेताना गळ्यातला दुपट्टा घरी ठेवा, डोळ्यावर चष्मा, आणि आयडलला साखळी फिरत असेल तर आधी आयडलचा स्क्रू कमी करा. बाभळीचं ठीक आहे, पण धुऱ्यावर साग, मोह, आंबा किंवा चिंच असेल तर झाड तुमचंच असलं तरी १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगी लागते. बाकी झाडांचंही तलाठ्याला विचारून घ्या.

शेवटचं, माझ्या जानेवारीतल्या फजितीबद्दल. भर मेमध्ये ४४ डिग्रीत लावलेलं कार्बुरेटर डिसेंबरच्या १० डिग्रीतल्या सकाळी चालत नाही. थंड हवा सुमारे १२ टक्के घट्ट असते, म्हणजे तेवढी जास्त हवा आणि पेट्रोल तेच. थंडी पडली की एच स्क्रू अष्टमांश फेरा डावीकडे, उन्हाळा आला की परत उजवीकडे. परतवाड्याहून मशीन चिखलदऱ्याला नेलीत तर उलट होतं: वर हवा विरळ, मशीन पेट्रोल जास्त पिते, धूर काढते आणि मंद पडते. तिथे घाबरून काही खोलू नका, स्क्रू थोडा उजवीकडे घ्या आणि खाली उतरल्यावर पहिली चकती पाडायच्या आधी आठवणीनं परत डावीकडे आणा.